अकरा फोटो, दोन घागरी

“या छत्तीसातला तुला काढायचा कोणता व्हता?”

मन्मथअप्पांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. चष्मा कपाळावर ढकलून, अगदी मनापासून विचारलेला. त्यांच्यासमोर मी माझ्या लातूरमधल्या पहिल्या रोलचे छत्तीस फोटो पत्त्यांसारखे पसरले होते. विषय एकच, नळापुढची रिकाम्या हंड्यांची रांग. रांग डावीकडून, रांग उजवीकडून, रांग ओट्यावर चढून, रांग धुळीत पालथं पडून. आता हा म्हातारा उठून पाठ थोपटणार अशी माझी खात्री होती.

“सगळेच काढायचे होते,” मी म्हणालो.

“सगळेच कसे? सोयरीक बघायला गेलास आन् छत्तीस पोरी घेऊन आलास व्हय?”

त्या दिवसापासून मी छत्तीसराव झालो. आईवडिलांनी ठेवलेलं नाव अप्पांनी नंतर कधी उच्चारल्याचं मला आठवत नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. गावभर रंगाऱ्यांची चैन होती; जिथं तिथं पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खरवडून ‘जि. लातूर’ लिहिणं चाललं होतं. जिल्हा नवा, कचेऱ्या नव्या, आणि दुष्काळ मात्र जुनाच, ओळखीचा. नांदेडच्या ज्या दैनिकात मी होतो त्याच्या संपादकांनी मला बोलावून सांगितलं, “लातूरला जा. बातम्या पाठव, फोटोही तूच काढ.” दोन माणसांचं काम एका पगारात करणारा गाढव त्यांना हवा होता आणि तो समोरच उभा होता. मी सव्वीस वर्षांचा. गळ्यात ऑफिसचा कॅमेरा. तो कॅमेरा गळ्यात असला की माझी छाती आपोआप चार बोटं पुढं यायची.

खोली मिळाली ती गंजगोलाईच्या बाजारामागच्या एका बोळात, अप्पांच्या स्टुडिओच्या मागच्या अंगाला. स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली, एक लाकडी स्टूल, मागं धुवून धुवून आभाळाचा रंग गेलेला पडदा, आणि कोपऱ्यात काळं कापड लावून केलेली डार्करूम. अप्पा साठीला टेकलेले. पांढरा सदरा, धोतर, काळी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. बोटांची टोकं रसायनानं कायमची तपकिरी झालेली. घरच्या कार्यात जेवायला बसले की पाहुणे त्या बोटांकडे संशयानं बघायचे. अप्पा म्हणायचे, “जेवा, जेवा. तंबाखू न्हाई ती. लोकांची तोंडं हायत.”

त्यांचा नियम एकच होता. एका माणसाचा एक फोटो. दुसरा काढायचा नाही. कुणी म्हणालं, “अप्पा, अजून एक काढून ठेवा, हलला बिलला असंल,” तर ते दुखावल्यासारखे बघायचे. “हलला असता तर मी दाबलं असतं का?”

पण तो एक फोटो काढायला त्यांना पाऊण तास लागायचा. गिऱ्हाईक स्टुलावर बसायचं. अप्पा कॅमेऱ्याकडे फिरकायचेसुद्धा नाहीत. समोर बाकड्यावर बसून गप्पा मारायचे. तूर कशी आहे, लेक कुठं दिली, बैल का विकला. बोलता बोलता माणसाकडं बघत राहायचे. नुसतं बघणं नव्हे ते. वैद्य नाडी बघतो तसं. सुरुवातीला माणूस अवघडून बसायचा, मग कंटाळायचा, मग आपण कशाला आलोय ते विसरायचा. तो विसरला की अप्पा उठायचे, आणि एक बारीक टक्क आवाज यायचा.

“झाला?” माणूस दचकून विचारायचा.

“कवाच.”

नव्या कचेरीत बदलून आलेले एक साहेब एकदा जीप चालू ठेवूनच दुकानात शिरले. ओळखपत्रासाठी फोटो पाहिजे, दोन मिनिटांत. अप्पांनी स्टूल दाखवलं आणि आपण बाकड्यावर बसून पायाचं नख कोरायला लागले. साहेबांनी तीनदा घड्याळ पाहिलं. शेवटी भडकले.

“अहो, बसलोय ना मी!”

“बूड बसलंय साहेब,” अप्पा शांतपणे म्हणाले. “बाकीचं अजून जीपमदी हाय.”

साहेब उठून जातील असं मला वाटलं. ते हसले. बाहेर जाऊन जीप बंद करायला सांगितली आणि परत येऊन त्यांनी आपल्या आईबद्दल अर्धा तास सांगितलं. फोटो असा आला की पुढं पाच वर्षं ते दर बदलीच्या गावाहून निगेटिव्ह पाठवून त्याच्या प्रती मागवत राहिले.

दुष्काळात अप्पांच्या या नियमाचा कायदा झाला. कारण पाणी. आता ज्यानं डार्करूम पाहिली नाही त्याला सांगायला पाहिजे. कागदावर फोटो उमटला की तो टिकावा म्हणून हायपो नावाच्या रसायनात बुडवतात. पण तो हायपो नंतर कागदातून पूर्ण धुऊन काढावा लागतो. तासभर, पाणी बदलत बदलत. आत राहिला तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. फोटो झकास दिसतो. तो हळूहळू आतून खातो आणि चार-सहा वर्षांनी चेहरा पिवळा पडून विरायला लागतो. गल्लीत टँकर यायचा आठ दिवसांनी. त्यातल्या चार घागरी अप्पा दुकानासाठी बाजूला ठेवायचे, आणि घरात सून त्यावरून भांडी आपटायची.

“फोटो पाणी पितो, छत्तीसराव,” ते मला म्हणायचे. “बाईनं डोक्यावर आणलेलं, लेकराच्या तोंडचं पाणी पितो. मंग तो तेवढ्या लायकीचा नको का? तू दिसभर टकटक टकटक करून राहिलास. हे समदं कुठं धुणार हायस?”

मी मान डोलवायचो आणि बाहेर पडून आणखी बारा काढायचो.

माझ्या टकटकीचा कळस झाला तो एका पुढाऱ्याच्या दौऱ्यात. गावाबाहेर दुष्काळी कामातून खोदलेल्या विहिरीचं उद्घाटन होतं. विहिरीला पाणी नव्हतं, पण हार होते. मी जीव तोडून फोटो काढले. हार घालताना, नारळ फोडताना, पुढारी विहिरीत वाकून बघताना, वर बघताना. अप्पाही तिथं आले होते. सरपंच त्यांचा पाहुणा होता. येऊन ते माझ्या कानाशी म्हणाले, “तुझ्या कॅमेऱ्याची ती डावीकडची कळ फिरत न्हाई बघ.” मी हसून मान हलवली. म्हाताऱ्याला नव्या कॅमेऱ्यातलं काय कळतंय?

परत येऊन कॅमेरा उघडला. फिल्मचं टोक चाकात अडकलंच नव्हतं, म्हणून ती डावीकडची कळ फिरत नव्हती. छत्तीस वेळा मी कळ दाबली होती आणि फिल्म तसूभर पुढं सरकली नव्हती. पुढारी, हार, नारळ, सगळे हवेत. मी डोकं धरून ओट्यावर बसलो. नोकरी गेली, नांदेडला परत, वडिलांचं किराणा दुकान, इथवर मी मनात पोचलो. अप्पा आतून आले आणि माझ्या मांडीवर एक फोटो ठेवला. त्यांनीही एक काढला होता. पुढारी त्यात नव्हताच. सगळा मंडप गेल्यावर चार बाया घागरी कमरेवर घेऊन त्या कोरड्या विहिरीत डोकावत होत्या; एकीनं खाली पडलेला हार उचलून पोराच्या गळ्यात घातला होता.

“पाठव हा,” अप्पा म्हणाले.

पहिल्या पानावर छापून आला. खाली नाव माझं. संपादकांचं अभिनंदनाचं पत्र आलं, ते मी अप्पांना वाचूनही दाखवलं. ‘फोटो तुमचा आहे असं कळवतो’ असं मी म्हणणार होतो. म्हणणार होतो म्हणजे वाक्य तयार होतं. पण अप्पा म्हणाले, “लई बेस झालं,” आणि मला वाटलं, त्यांना चालतंय तर आपण कशाला घोळ घाला. गप्प बसायची ती माझी पहिली खेप. ती इतकी सोपी गेली की पुढच्या खेपेला सरावच झालेला होता.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात अप्पांनी दुकानाचा नवा शिक्का करून आणला. फोटोच्या मागं मारायचा. ‘जि. लातूर’ असा. एवढ्याशा रबराचं त्यांना लहान मुलासारखं कौतुक. नव्या शिक्क्याचे पहिले फोटो म्हणून आठवडाभरात काढलेले अकरा फोटो त्यांनी एकदम छापायला घेतले. रविवार होता. सकाळी अकराही कागद हायपोच्या थाळीत पडले आणि तेवढ्यात निरोप आला, औशाकडच्या एका गावात त्यांच्यातला एक म्हातारा वारला.

अप्पा लिंगायत. त्यांच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. बसवतात, विभूती लावतात, फुलांनी सजवतात, आणि तसा बसलेला फोटो काढून घेतात. पुष्कळांचा तो आयुष्यातला पहिलाच फोटो असायचा, त्यामुळे अप्पांना थांबता येईना. कॅमेरा पिशवीत घालता घालता त्यांनी मला हाक मारली.

“छत्तीसराव, हे अकरा तुझ्या ताब्यात. घागरी दोन हायत. एक तास धुवायचे, चार पाण्यांतून. घाई करू नको. ह्यातल्या कुणाचा दुसरा फोटो न्हाई, ध्यानात ठेव.”

“अप्पा, तुम्ही निश्चिंत जा,” मी म्हणालो. माझ्या तोंडी हे वाक्य आलं की माणसानं निश्चिंत जाऊ नये, हे आता माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

कारण त्याच दुपारी मला उदगीरला मुलगी बघायला जायचं होतं. सहा दिवस अंगाला पाणी लागलेलं नव्हतं. केसांत लातूरची धूळ आणि मानेवर काळी रेघ. तशा अवतारात मुलीच्या बापासमोर बसायचं? समोर दोन घागरी. भरलेल्या, गार, वर ओलं फडकं बांधलेल्या.

मी एक तांब्या घेतला. अकरा फोटो परातीत ठेवून त्यांवर तो ओतला, बोटांनी खालवर केले आणि दोरीवर चिमटे लावून टांगले. झकास दिसत होते. एकही डाग नाही. मग मी दोन्ही घागरी मागच्या न्हाणीत नेल्या. साबण लावून, गाणं म्हणत, डोक्यावरून आंघोळ केली. दुसरी घागर तर शेवटी उगाच, मजा म्हणून अंगावर पालथी घातली. तेवढं मात्र मला अजून स्वच्छ आठवतं. पाणी मोरीतून वाहत बोळात गेलं आणि एक कुत्रं येऊन ते चाटायला लागलं.

संध्याकाळी परत आलो तेव्हा अप्पा फोटोंवर शिक्के मारत होते. “चांगले धुतलेस ना रं?” “तासभर,” मी म्हणालो. फोटो आणि निगेटिव्ह एका पाकिटात घालून ते गिऱ्हाइकाला द्यायचे. निगेटिव्ह ज्याचं त्याचं, असा त्यांचा हिशोब. आठ दिवसांत अकरा पाकिटं अकरा घरी गेली.

उदगीरच्या मुलीनं होकार दिला. ती कुसुम, माझी बायको. लग्न झालं, मी नांदेडला बदलून आलो, प्रमोशन मिळालं, आणखी भारी कॅमेरा मिळाला. त्याला मोटर होती. बोट ठेवलं की तो पाच पाच फोटो आपणच काढायचा. माझ्यासाठीच बनवल्यासारखा.

सात वर्षांनी एका सकाळी अप्पा नांदेडच्या घरी दारात उभे. वाळलेले, पाठीत वाकलेले, खांद्याला कापडी पिशवी. मी पाया पडलो. कुसुमनं पाट मांडला.

“कामानं आलो रे,” ते बसत म्हणाले. पिशवीतून त्यांनी एक फोटो काढून माझ्या हातात दिला. नवरा-बायकोचा असावा. म्हणजे लुगड्याचा काठ दिसत होता आणि कोटाची बटणं. वर, जिथं चेहरे असतात, तिथं चहा सांडल्यासारखे दोन पिवळट डाग.

“चाळीस वर्षं फोटो काढले. एक गेला न्हाई. आन् हे अकरा, नव्या शिक्क्याचे पहिले, समदे असे व्हऊन राहिलेत. एकानं दुकानात आणून दावला तवा कळलं. त्याचं धरून सहा घरी जाऊन आलो, पत्ते हुडकत. आज लोह्याकडं निघालो. तू व्हतास त्या आठवड्यात. तुला कायी आठवतंय का? टँकर कुठल्या हिरीचा व्हता?”

आणि मी म्हणालो (हे लिहितानाही कान तापतात), “खारं होतं अप्पा ते पाणी. मला तेव्हाच शंका आली होती.”

“हाव ना? मीबी तेच सांगितलं सहा घरी. पाणी खारं व्हतं म्हनून.” त्यांना जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. मलाही. प्रकरण मिटलं होतं. तेवढ्यात कुसुम चहा घेऊन आली.

आता त्या माउलीला काय ठाऊक? जुन्या दिवसांचा विषय निघाला म्हणून ती पदर सावरून तिथंच बसली.

“अप्पा, तुमच्यामुळंच तर जमलं आमचं! त्या दुष्काळात मला बघायला चौघं आले. तिघांच्या अंगाचा वास बैठकीतून माजघरात यायचा. हेच तेवढे साबणानं घासून, भांग पाडून आलेले. आमच्या बाबांनी विचारलं, लातूरला एवढं पाणी कुठून हो? तर हे म्हणतात कसे, आमच्या अप्पांचं दुकान आहे, तिथं पाण्याला कमी नाही! बाबा म्हणाले, पोरगा स्वच्छ आहे, देऊन टाकू.”

ती हसली. अप्पाही हसले. मग त्यांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि आतून बंद झालं. कप त्यांनी बशीत ठेवला.

“कोन्ता वार व्हता गं बाई?”

“रविवार. तुम्ही कुणाच्या तरी मयतीला गेला होता, असं हेच म्हणाले होते.”

अप्पा माझ्याकडे बघायला लागले. स्टुलावर बसलेल्या माणसाकडे बघायचे तसे. मी पाट कोरायला लागलो.

“किती घागरी?”

“दोन,” मी म्हणालो.

“दोन्ही?”

“हो.”

कुसुम आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. अप्पांनी चहा संपवला. अर्धा टाकून उठणं त्यांना माहीत नव्हतं. मग फोटो पिशवीत घातला. “सहा घरी मी खोटं बोलून आलो म्हन की,” ते स्वतःशीच म्हणाले. आणि मला, “चप्पल घाल. लोह्याला चल.”

एसटीत ते खिडकीबाहेर बघत बसले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मी त्यांचे उपकार मानले असते. मी मनात भाषण तयार करत होतो. ‘बाई, अपराधी मी आहे. अप्पांचा काही दोष नाही.’ लोहा येईपर्यंत ते इतकं छान जमलं की त्यातल्या एका वाक्यावर मी स्वतःच खूश झालो.

लोह्याहून कोसभर चालत एका खेड्यात गेलो. घर सुभद्राबाईंचं. त्यांचे यजमान दगडूजी त्या दुष्काळात मुलीला नर्सिंगच्या शिक्षणाला ठेवायला लातूरला आले होते. मुलीनं हट्टानं त्यांचा फोटो काढून घेतला. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांच्या मागं तेवढा एकच फोटो. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या शेजारी तो. पटक्याची कड होती, सदऱ्याची गुंडी होती. मध्ये माणूस नव्हता.

सुभद्राबाईंनी अप्पांना ओळखलं. “या की, फोटोवालं बाबा! पोरगी लई आठवण काढती तुमची.”

अप्पा बसले नाहीत. भिंतीजवळ जाऊन फोटो पाहिला, वळले आणि बाईंसमोर दोन्ही हात जोडले. साठी ओलांडलेला माणूस, चाळिशीच्या बाईसमोर.

“बाई, ह्यो फोटो माझ्या दुकानात कच्चा धुतला गेला. म्हनून असा झाला. चूक माझी हाय.”

मी तोंड उघडलं. भाषण तयारच होतं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला थांबवलं वगैरे अजिबात नाही. मीच थांबलो. तोंड वेळेवर मिटायची विद्या मला उपजत आहे, फक्त ती वेळ नेहमी चुकीची असते.

सुभद्राबाईंनी भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. “कच्चा धुतला? आन् मी, मी हिला बोलत व्हते की!” त्यांनी आत बोट दाखवलं. दारात सून उभी होती, मंगल, कडेवर पोर. “दोन वर्सं झाली. म्हनलं, तुझ्या चुलीच्या धुरानं माझा मानूस काळवंडला. चूल भाईर काढाय लावली तिला. गेल्या पावसात छत्री धरून भाकरी केल्या बाबा हिनं.”

मंगलनं पोराला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं, अंगणात गेली, बाहेरच्या चुलीवरचा तवा उचलला आणि आमच्या समोरून तो घरात नेऊन ठेवला. ठण्णकन. त्या आवाजाएवढी थोबाडीत मी आजवर खाल्लेली नाही.

निगेटिव्ह विचारलं. ते गल्लीतल्या पोरांनी ग्रहण बघायला घेतलं होतं आणि मग ते कुठं गेलं कुणालाच ठाऊक नव्हतं.

“ऱ्हाऊ द्या मंग,” अप्पा म्हणाले. त्यांनी फोटो उतरवला, चौकटीतून काढला, उंबऱ्यापाशी उजेडाला मांडी घालून बसले आणि पिशवीतून पेन्सिली काढल्या. पिवळ्या डागाकडे बराच वेळ बघत राहिले.

“बाई, डाव्या भुवईत खाच व्हती न्हवं त्यांच्या?”

सुभद्राबाई पुढं सरकल्या. “हाव! बैलानं मारलं व्हतं ल्हानपनी.”

“आन् हसताना एक डोळा आदी बारीक व्हायचा.”

“हाव... उजवा.”

“उजवा. पोरीच्या शाळेचं सांगत व्हते तवा तसाच झाल्ता. तवाच दाबलं मी.”

मी बघत राहिलो. सात वर्षांपूर्वी हा माणूस पाऊण तास दगडूजींसमोर बसला होता, तेवढाच. पेन्सिलीच्या बारीक बारीक रेघांतून आधी भुवई आली, मग नाकाची बाजू, मग तो बारीक होणारा डोळा. मधूनच अप्पा विचारायचे, मिशी इथंवर? बाई म्हणायच्या, जराशी खाली. मंगलही पोराला घेऊन मागं येऊन उभी राहिली. तिनं सासऱ्याला कधी पाहिलंच नव्हतं. आणि मी त्या अकरा जणांना माझ्या हातांनी परातीत खालवर केलं होतं, दोरीवर एकेकाला चिमटा लावला होता. मला त्यातला एकही चेहरा आठवत नव्हता. तेच कशाला, तोवर काढलेल्या माझ्या हजारो फोटोंतला कुठलाही एक चेहरा आठवून बघितला. हार आठवले.

“हाय, ह्येच हायत,” शेवटी सुभद्राबाई म्हणाल्या, आणि पदर तोंडाशी नेला.

लोह्याच्या स्टँडवर अप्पांनी मला वहीचा एक फाटका कागद दिला. चार पत्ते. “उरले चार. हे तू कर. फोटो मागून घ्यायचे, निगेटिव्ह ऱ्हायलं असंल तर तेबी, माझ्याकडं आणायचे, मी बघतो काय जमतं ते. हात जोडायचे. कारण सांगायचं न्हाई. कारण सांगितलं की आपलं आपल्यालाच बरं वाटाय लागतं.”

“मी म्हणणार होतो अप्पा, तिथं, त्या बाईंना...”

“ठाव हाय,” ते म्हणाले आणि लातूरच्या गाडीत चढले.

तीन घरी मी गेलो. भोकरला एका म्हाताऱ्यानं ‘असू दे’ म्हटलं. अहमदपूरला चहा मिळाला. तिसऱ्या घरी मात्र एका तरण्या माणसानं आईचा तो फोटो माझ्या अंगावर भिरकावला आणि गल्ली गोळा करून मला सुनावलं. मी हात जोडून उभा होतो. चौथा पत्ता जळकोटच्या पलीकडच्या एका वाडीवरचा, लक्ष्मीबाई म्हणून कुणी होत्या, फोटो त्यांचा आणि वारलेल्या बहिणीचा. मी जळकोटपर्यंत गेलो. स्टँडसमोरच्या हॉटेलात भजी खाल्ली. वाडीकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बघितलं. ऊन फार होतं. परतीची गाडी लागलेली होती, तिच्यात बसलो.

तीन फोटो घेऊन लातूरला गेलो तेव्हा अप्पा आजारी होते. स्टुडिओतच, त्या पडद्यापुढं, त्यांची बाज टाकली होती. त्यांनी तिन्ही फोटो उजेडाकडं धरून पाहिले आणि उशाला ठेवले.

“आन् जळकोटचा?”

“गेलो होतो अप्पा. हात जोडले. पण बाई फोटो द्यायला तयार नाहीत.” अप्पा ऐकत होते म्हणून मला जोर आला. “म्हणाल्या, राहू द्या भाऊ, आहे तसाच बरा. माझी बहीण मला त्यात दिसते.”

“असं म्हनाली?”

“हो. डोळ्यांत पाणी आलं बिचारीच्या.”

अप्पा माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्यात. राग असता तर मला कुठं बघायचं ते कळलं असतं.

“छत्तीसराव,” ते हळू म्हणाले, “ती मुकी हाय रे. जन्माची.”

बाहेर बोळात कुणीतरी सायकल लावत होतं. स्टँडचा आवाज, मग कुलपाचा. अप्पांनी कूस बदलून तोंड पडद्याकडं केलं, आणि आतल्या सुनेला हाक मारली.

“याला च्या ठेव गं. लांबून आलाय.”

चहा आला. मी तो प्यालो.